सहा फ्रँकचा आरसा आणि कोमट पाणी

जिवंत माणसाच्या शरीरात डोकावण्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी प्रकाशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८०६ च्या सुमारास फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनीने मेणबत्तीच्या उजेडावर चालणारे उपकरण घडवले. १८५३ मध्ये पॅरिसच्या देझोर्मोने अल्कोहोल आणि टर्पेंटाइनवर जळणारा दिवा जोडला. पुढे विजेची तार आली, मग बल्ब, मग काचतंतू. ही वंशावळ खोटी नाही, पण अपुरी आहे. उजेड कितीही प्रखर असला तरी काचेवर वाफ धरली की दिसते ते फक्त पांढरे धुके. काच उबदार ठेवण्याची युक्ती उजेडाइतकीच निर्णायक ठरली आणि इतिहासलेखनाने तिला जवळजवळ बाहेरच उभे ठेवले.

कारण साधे आहे. शरीराच्या आतली हवा सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. अशा हवेत तिच्याहून थंड काच शिरली की बाष्पाचे सूक्ष्म थेंब काचेवर जमतात आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. चहाच्या पेल्यावर वाकलेल्या माणसाचा चष्मा धुरकटतो, तेच हे. करोनाकाळात मुखपट्टीने चष्मेवाल्यांना हा धडा रोज दिला.

आता १८५४ चे पॅरिस. मॅन्युएल गार्सिया हा वैद्य नव्हता, तो गायनशिक्षक होता. मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो या त्या काळच्या विख्यात गायिका त्याच्या बहिणी. आवाज नेमका कोठे आणि कसा उमटतो, हे डोळ्यांनी पाहावे, हा त्याचा जुना ध्यास. सप्टेंबरातल्या एका दिवशी पॅले रोयालमध्ये फिरताना दोन आरशांची कल्पना त्याला सुचली. तो तडक शारिएर या उपकरणकाराच्या दुकानात गेला. तेथे लांब दांड्याचा एक छोटा दंतवैद्यकीय आरसा पडून होता. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याला कोणी विचारले नव्हते. गार्सियाने तो सहा फ्रँकला घेतला.

पुढचा तपशील गार्सियाने स्वतःच सांगून ठेवला आहे. आरसा त्याने गरम पाण्यात धरून तापवला, नीट पुसून कोरडा केला आणि मगच पडजिभेला टेकवला. हातातल्या दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला आणि स्वतःच्या स्वरयंत्राची उघडझाप त्याला दिसली. १८५५ मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. वैद्यकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

ही कथा सांगणारे आरशाची किंमत सांगतात, पॅले रोयाल सांगतात, सूर्यकिरण सांगतात. गरम पाणी मात्र हमखास गळते. ते न वापरता आरसा घशात गेला असता तर गार्सियाच्या पहिल्याच श्वासाने तो आंधळा झाला असता. ‘ही तर कोणालाही सुचणारी गोष्ट’ असा आक्षेप येईल. सुचणारी असेलही, पण शोध लागतो तो प्रत्यक्ष करणाऱ्याच्या हातून, आणि ती सांगण्याजोगी आहे असे खुद्द शोधकर्त्याला वाटले होते.

पुढे व्हिएन्नाचा ट्यूर्क आणि पेस्टचा चेरमाक यांच्यात घशाच्या आरशाचे श्रेय कोणाचे, यावर कडाक्याचा वाद झाला. ट्यूर्क १८५७ च्या उन्हाळ्यात सूर्यप्रकाशावर काम करत होता. ऊन सरल्यावर थांबला. चेरमाकने त्याचेच आरसे मागून नेले आणि कृत्रिम प्रकाश वापरला. समकालीनांनी या भांडणाला ट्यूर्कच्या नावावर कोटी करून ‘तुर्की युद्ध’ म्हटले. आरसा कोणाचा, उजेड कोणाचा, यावर लढाई झाली. ऊब कोणाची, हे मात्र कोणी विचारले नाही.

मॅक्स नित्झेच्या मूत्राशयदर्शकाची (१८७९) अडचण नेमकी उलटी होती. त्यातली प्लॅटिनमची तार इतकी तापे की नळीतून सतत थंड पाणी फिरवावे लागे. मूत्राशय द्रवाने भरलेले असल्याने तेथे काचेवर वाफ धरण्याचा प्रश्नच नव्हता. तो पोटात परतला. १९०१ मध्ये केलिंगने कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत पाहिले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउसने माणसाच्या पोटात आणि छातीत पाहिले. तेथे पुन्हा तीच ओली, उबदार हवा आणि तीच थंड काच.

एरिख म्यूहे याने १९८५ मध्ये जर्मनीत दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हापासून हे धुके केवळ गैरसोयीचे राहिले नाही. पित्ताशयाची नळी आणि मुख्य पित्तनलिका शेजारी-शेजारी असतात. चुकीची नळी कापली गेली तर रुग्णाला त्याचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागू शकतात. पडदा धुरकटला की शस्त्रवैद्याला थांबावेच लागते. दुर्बीण बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची. आत सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड थंड आणि कोरडा असतो; तो दुर्बिणीच्याच वाटेने सोडला तर काच आणखी गार पडते. म्हणून अनेक जण त्याची नळी दुसऱ्या छिद्राला जोडतात.

१९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उदवाडिया यांनी भारतातली अशी पहिली पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. गरीब देशांना या पद्धतीची गरज अधिक आहे, ही भूमिका त्यांनी सातत्याने मांडली. ती पटत असेल तर धुक्यावरच्या स्वस्त उपायांकडे तुच्छतेने पाहता येत नाही. काच तापवणारी विजेची उपकरणे आहेत, पण निर्जंतुक गरम पाण्याने भरलेला थर्मास तेच काम करतो. दुसरा मार्ग लेपाचा: पोव्हिडोन-आयोडीनचे द्रावण किंवा साबणासारखा पदार्थ काचेवर फिरवला की पाणी थेंबांऐवजी सलग पातळ थर होऊन पसरते आणि त्यातून आरपार दिसते. पाणबुडे मुखवट्याच्या काचेला थुंकी चोळतात, त्यामागे हीच युक्ती आहे. लेप ओसरतो, काच निवते. मग परिचारिका थर्मास पुढे करते, कधी एका शस्त्रक्रियेत अनेकदा. म्यूहे आणि उदवाडिया यांची नावे ग्रंथांत आहेत, ते योग्यच. त्या ग्रंथांत थर्मासला एक परिच्छेद मिळायला हरकत नव्हती.

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या टेबलावर आजही पुष्कळ ठिकाणी स्पिरिटचा दिवा असतो. आरशाची काचेची बाजू ज्योतीवर धरतात, कारण मागची धातूची बाजू घशाला टेकायची असते. मग ती पाठ डॉक्टर आधी स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहतात आणि चटका बसत नाही याची खात्री झाल्यावरच आरसा रुग्णाच्या तोंडात जातो.