‘फॅमिलीसोबत बघण्यासारखा आहे का?’ पण फॅमिली म्हणजे कोण?

आपल्या खान्देशात ‘फॅमिली’ या शब्दाला एक वेगळाच अर्थ आहे. जळगाव-धुळ्याच्या साध्या हॉटेलांत मागच्या बाजूला पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असते. तिथे चार पुरुष जाऊन बसले तर वेटर त्यांना उठवतो. आणि एकटी बाई चहा प्यायला आली, सोबत नवरा नाही, मूल नाही, तरी तिला तिकडेच पाठवतो. म्हणजे फॅमिली म्हणजे कुटुंब नव्हे. फॅमिली म्हणजे बाया. ‘आज फॅमिली सोबत आहे’ असं कोणी फोनवर म्हणालं, की बायको शेजारी आहे हे आपल्याला लगेच कळतं.

सिनेमाच्या बाबतीतही हेच होतं. सुपरहिरोचा नवा सिनेमा आला की आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो : फॅमिलीसोबत बघण्यासारखा आहे का? विचारणारा पुरुष, उत्तर देणारे पुरुष. ज्यांच्याबद्दल विचारलं जातं त्या त्या वेळी भाकऱ्या थापत असतात. त्यांना कोणी विचारत नाही, ‘तुम्हाला बघायचा आहे का?’

हा प्रश्न मला एका सिनेमाच्या निमित्ताने तपासून बघायचा आहे. हा सिनेमा आपल्या शेजारचा आहे. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी थिएटरमध्ये आला आणि एप्रिलमध्ये प्राईम व्हिडिओवर. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी बोलीने आणि सोयरिकीने ते आपलंच आहे. धुळ्याहून मुंबई-आग्रा रोडने निघालं की तासाभरात पोहोचतो. बाहेरच्या लोकांना हे गाव ठाऊक आहे ते २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे. याच गावात शेख नासिर नावाच्या तरुणाने २००० साली ‘मालेगाव के शोले’ बनवला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. पैसा नाही, क्रेन नाही, कॅमेरा एकच. शूटिंगमध्ये तोही पाण्यात पडला. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा हडकुळा पोरगा. त्याला आकाशात उडवायचं कसं, हा त्या टीमपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

सुपरहिरोच्या जन्माची कहाणी सांगणारे सिनेमे खूप झाले. कोणी दुसऱ्या ग्रहावरून येतो, कोणाला कोळी चावतो. मालेगावचा सुपरमॅन लूमच्या खडखडाटातून येतो आणि त्याची लढाई गावातली घाण आणि तंबाखूचं व्यसन यांच्याशी आहे. जगातल्या कुठल्याही सुपरहिरोपेक्षा हा आपल्या ओळखीचा आहे.

मग हा सिनेमा फॅमिलीसोबत बघण्यासारखा आहे का? आहे. मी तो जळगावात एकटीने मोबाईलवर बघितला आणि नंतर धुळ्याला खालाच्या घरी सगळ्यांसोबत टीव्हीवर. पण ‘आहे’ एवढं म्हणून मी थांबणार नाही. कारण आपण हे ‘आहे’ किंवा ‘नाही’ कशावरून ठरवतो, तिथेच गडबड आहे.

आपली चाळणी अगदी सोपी आहे. चुंबन आहे का? कपडे कमी आहेत का? नसेल तर सिनेमा पास. सेन्सॉर बोर्डाची चाळणीही फार वेगळी नाही. जुलै २०२५ मध्ये जेम्स गनचा नवा ‘सुपरमॅन’ आपल्याकडे लागला, तेव्हा सुपरमॅन आणि लोइस लेन यांच्या चुंबनाची ३३ सेकंदं कापली गेली. त्याच सिनेमात मलिक अली नावाचा फलाफल विकणारा साधा माणूस आहे. जखमी सुपरमॅनला तो हात देऊन उठवतो, आणि तेवढ्याच कारणावरून खलनायक त्याला सुपरमॅनच्या डोळ्यांसमोर गोळी घालतो. मलिक अली. आपल्यासारख्या नावाचा, गाडीवर खाणं विकणारा माणूस. तो प्रसंग लहान मुलाच्या मनात किती दिवस राहील, याची चर्चा मी कुठेच ऐकली नाही. चुंबन गेलं, आता निवांत बघा!

मी असं म्हणत नाही की लाज ही फालतू गोष्ट आहे. अब्बू शेजारी बसलेले असताना पडद्यावर भलतंच काही आलं की मलाही उठून पाणी प्यायला जावंसं वाटतं. खालाला तर नको असलेलं दृश्य खरंच नको असतं. तिच्यावर ते कोणी लादलेलं नाही. घरात एकत्र बसताना एकमेकांची मर्यादा राखणं ही आपल्या घरांची चांगली सवय आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की आपली चाळणी फक्त लाजेची आहे. मारहाण तिच्यातून आरामात खाली पडते. बाईच्या अंगावर उठलेला हातसुद्धा ‘कॉमेडी आहे’ म्हणून पास होतो. आणि ही चाळणी हातात धरणारा माणूस घरात एकच असतो.

कायद्याने हे काम आता पालकांवर आणखी स्पष्टपणे सोपवलं आहे. २०२३ मध्ये सिनेमाचा कायदा बदलला आणि यूए प्रमाणपत्राचे वयानुसार तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+. अर्थ असा की या वयाखालच्या मुलांना सिनेमा दाखवायचा की नाही हे पालकांनी ठरवायचं. पालक म्हणजे आई आणि बाप दोघंही. पण आपल्याकडे पंचविशीतली पदवीधर बहीण आणि पन्नाशीची आईसुद्धा जणू याच तीन खान्यांत बसवलेली असते. तिच्यासाठीही कोणीतरी दुसरंच ठरवतं.

आता मालेगावकडे परत येते. नासिरच्या टीमवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो जरूर बघा. त्यात सिनेमावेडं गाव दिसतं. शुक्रवारी लूम बंद असतात आणि पोरं टॉकीजकडे धावतात. त्या गर्दीत बाया शोधून बघा. टॉकीजमध्ये पुरुषच पुरुष. पडद्यावरही तेच, कारण गावातली कुठलीच मुलगी काम करायला तयार नव्हती किंवा तिला कोणी तयार होऊ देत नव्हतं. हिरोईन बाहेरगावाहून आणावी लागे. अर्धं गाव सिनेमावर जीव टाकत होतं आणि उरलेलं अर्धं गाव घरी होतं.

पण याच गावाची गोष्ट जगापर्यंत नेली कोणी? माहितीपट फैजा अहमद खान यांचा, सिनेमा रीमा कागती यांचा. दोघी बाया. ज्या टॉकीजमध्ये बाया नव्हत्या, तिथली मजा, तिथली दोस्ती आणि तिथलं दुःख दोन बायांनी बरोबर टिपलं. ‘सुपरबॉईज’मध्ये तृप्ती आहे. ती बाहेरून येऊन हिरोईन होते आणि घरी नवऱ्याचा त्रास सोसते. शबीना आहे, वकिलीचं शिक्षण घेणारी. नाव ‘बॉईज’चं असलं तरी या दोघी आल्या की मी सरसावून बसत होते.

धुळ्याला खालाकडे बघताना काय झालं ते थोडक्यात सांगते. खालूंचं सगळं आयुष्य लूमवर गेलं. पडद्यावर माग सुरू झाला तसे ते आवाजावरून तो कसा चालतोय हे सांगू लागले. सिनेमा संपला आणि खालाने एकच विचारलं, ‘तो खरा पोरगा कशाने गेला?’ मी सांगितलं, तोंडाच्या कॅन्सरने, २०११ मध्ये. तंबाखूशी लढणारा सुपरमॅन झालेला शफीक स्वतः तोंडाच्या कॅन्सरने गेला. खोलीत सगळे गप्प झाले. खालू गेली तीस वर्षं तंबाखू मळतात. खाला सकाळी मशेरी लावते. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण टपरीवर काय मिळतं हे त्या खोलीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या रात्री डबी सुटली, असं काही मी सांगणार नाही. सुटली नाही. पण खालाच्या गालात आतून एक पांढरा डाग आहे, हे घरात पहिल्यांदा त्या रात्री कळलं. तिने तो कोणालाच दाखवला नव्हता. पुढच्या आठवड्यात खालू स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. उपचार सुरू आहेत.

हा सिनेमा मी एकटीने मोबाईलवर बघून सोडून दिला असता, किंवा घरातल्या पुरुषांनी आधी बघून ‘ठीक आहे, पण बायांना काय कळणार त्यात’ म्हटलं असतं, तर तो डाग अजून तसाच लपलेला असता. म्हणून माझ्यासाठी फॅमिली सिनेमाची व्याख्या आता अशी आहे : जो बघताना घरातलं कोणी दुसऱ्या खोलीत पाठवलेलं नसतं, आणि जो संपल्यावर घरातले एकमेकांशी बोलतात.

तसं बघितलं तर आपल्या घरांत ही रीत जुनीच आहे. नानी आम्हाला हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचा किस्सा सांगायची. टोपलीत घालून नदीत सोडलेलं बाळ, जालीम राजा, परक्या घरात वाढलेला मुलगा. दूरच्या ग्रहावरून पाळण्यात आलेल्या सुपरमॅनची गोष्ट मी पुढे वाचली तेव्हा ती मला ओळखीची वाटली. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेली ती गोष्ट रचणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुलं, त्यामुळे हे साम्य अनेकांनी दाखवलं आहे. पण नानीच्या किश्शात बाळाला वाचवतं कोण? टोपली पाण्यात सोडणारी आई. काठाने लपत-छपत टोपलीवर नजर ठेवणारी बहीण. आणि राजवाड्यात त्याला पोटाशी धरणारी आसिया. तीन बाया. तो किस्सा सांगणारी बाई आणि ऐकायला सगळं घर. ‘हा फॅमिलीसाठी आहे का’ असं तिथे कोणी विचारलं नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी ग्रुपवर तो प्रश्न आला की उत्तर देण्याआधी मोबाईल खाली ठेवा आणि स्वयंपाकघरात जा. अम्मीला, वहिनीला, बहिणीला सिनेमाची गोष्ट दोन वाक्यांत सांगा. त्यात काय खटकेल तेही सांगा, लपवू नका. मारहाण असेल तर मारहाण सांगा, शिव्या असतील तर शिव्या सांगा. मग त्यांना ठरवू द्या. नको म्हणाल्या तर तेही त्यांचं उत्तर आहे. थिएटरचा खर्च परवडत नसेल तर घरच्या टीव्हीवर लावा, पण वेळ अशी निवडा की भांडी घासायची राहिली म्हणून कोणी अर्ध्यात उठणार नाही. भांडी तुम्ही घासा!

आणि मैत्रिणींनो, कोणी विचारायची वाट बघू नका. रिमोट समोरच ठेवलेला असतो.