चालतेय ना, मग राहू दे

आमच्या घरातलं सगळ्यात लाडकं वाक्य हे. फ्रीज, गिझर, बाबांचा गुडघा, सगळ्यांना लागू. गेले सहा महिने ते गाडीलाही लावलं होतं.

गाडी म्हणजे बाबांची जुनी मर्सिडीज, डब्ल्यू १२४, ई २२०, १९९६ची. (नाव ऐकून श्रीमंत समजू नका मंडळी, तिसऱ्या हाताने घेतलेली आहे!) १९९५पासून ही गाडी पिंपरीला टेल्कोच्या आवारात जोडली जात असे, त्यामुळे बाबा तिला 'आपल्या गावची' म्हणतात. तर क्लच सोडला की मागून 'ठक्क' असा आवाज यायचा. मग साठ-सत्तरच्या वेगाला पायाखाली थरथर सुरू झाली. मी म्हणायचो, बघू सर्व्हिसिंगला. बाबा म्हणायचे, अरे जेमतेम ७३ हजार चाललीये, तिला काय होतंय?

शेवटी गाडी लिफ्टवर चढली. मेकॅनिकने टॉर्च मारला आणि काही न बोलता मला खाली बोलावलं.

या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबराची एकेक जाड चकती असते, रबर कपलिंग. आत दोऱ्यांचे वेढे, कडेने सहा भोकं. तीन बोल्ट एका बाजूच्या फ्लँजला, तीन दुसऱ्या. गिअर बदलताना बसणारे धक्के ती स्वतः खाते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलपर्यंत जाऊ देत नाही. आमच्या मागच्या चकतीला दोन भोकांच्या मधे अशी चीर गेली होती की आतले दोरे बाहेर लोंबत होते. पुढची गिअरबॉक्सच्या गळक्या सीलमधलं तेल पिऊन फुगलेली.

ही चकती पूर्ण फाटली तर शाफ्ट जागेवर नीट फिरत नाही, फटके मारायला लागतो. आणि तो असतो कुठे? आपल्या दोन सीटच्या मधोमध, पत्र्याच्या खाली. आदल्याच रविवारी याच गाडीतून आई, बाबा आणि आत्या भीमाशंकरला जाऊन आले होते. आत्या, तुला हे आत्ता इथेच कळतंय, रागावू नकोस. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं म्हणणं असं आहे की जुन्या गाडीच्या बाबतीत 'कमी चाललीये' हा युक्तिवाद आपण बंद करावा. जाहिरातीतही हेच मिरवतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. उष्णतेने, हवेने, तेलाने कडक होऊन तडकतं. जवळपास तीस वर्षांचं रबर ७३ हजार चालो की सात हजार, ते तीस वर्षांचंच. नवीन कपलिंग घेतानासुद्धा ते दुकानात किती वर्षं पडून होतं ते बघावं.

दुसरं म्हणजे, 'फक्त फाटलेली बदलू' हा मोह. मेकॅनिकने आधी तेच सुचवलं, मीही क्षणभर मोहात पडलो. पण शाफ्ट काढायला सायलेन्सरचा पाइप आणि उष्णतेचा पत्रा उतरवावाच लागतो. निम्म्याहून जास्त मजुरी तिथेच जाते. म्हणून दोन्ही चकत्या, मधलं बेअरिंग, त्याचं रबर आणि ते गळकं सील, सगळं एकदम केलं. बिल बघून बाबा गप्प झाले. :-)

काम करताना बघत उभा होतो (म्हणजे लुडबुड करत). काढण्याआधी शाफ्टवर आणि फ्लँजवर खुणा, म्हणजे बसवताना तोल बिघडत नाही. नट सगळे नवे. बोल्टचं डोकं एका पान्याने धरून ठेवायचं आणि फिरवायचा फक्त नट, नाहीतर नवी चकती बसतानाच पिळवटते. शाफ्टच्या मधला मोठा नट मात्र सगळ्यात शेवटी: गाडी चाकांवर उतरवून, थोडी पुढे-मागे ढकलून शाफ्टला आपली लांबी सापडली की मगच आवळायचा. पुष्कळ ठिकाणी ही पायरी गाळतात आणि मग 'पार्ट डुप्लिकेट होता' म्हणतात.

जाता जाता, अशा कपलिंगला परदेशातले गाडीवेडे 'जुबो' म्हणतात. अंतोनिओ बोस्की नावाच्या इटालियन इंजिनिअरच्या 'जुंतो बोस्की', म्हणजे बोस्कीचा सांधा, यावरून ते नाव आलं. या गृहस्थांनी बायकोबरोबर आयुष्यभर चित्रं जमवली आणि १९७४ साली मिलान शहराला देऊन टाकली. त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालंय. असो.

परवा बाबांना घेऊन तळेगावपर्यंत गेलो. ठक्क नाही, थरथर नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो गुडघ्याचा डॉक्टर कुठे बसतो रे?"

मंगळवारची वेळ घेतली आहे.