इतवारीचे स्थानक आणि छोटी लाईन

नागपुरात रेल्वे प्रथम आली ती पश्चिमेकडून. 1867 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग येथे पोचला आणि मुख्य स्थानक सीताबर्डीच्या बाजूला झाले. धान्य, किराणा, सराफा यांचा व्यापार मात्र जुन्या शहरात, इतवारी-मस्कासाथच्या गल्ल्यांत होता. बाजार एकीकडे आणि रेल्वे दुसरीकडे, अशी ती रचना होती. बाजाराच्या अंगाला रेल्वे आली ती पूर्वेच्या मार्गामुळे.

छत्तीसगडच्या धान्याला वाट मिळावी म्हणून नागपूर ते राजनांदगाव असा मीटर गेज मार्ग 1880 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार झाला. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि 1891 पर्यंत आसनसोलच्या दिशेने पुढे नेला. नागपूर सोडून पूर्वेकडे निघालेली गाडी जुन्या शहराच्या कडेने जाते, तेथेच इतवारीचे स्थानक आहे.

या स्थानकाला स्वतःचे महत्त्व आले ते मात्र मोठ्या गाड्यांमुळे नव्हे. अवघ्या अडीच फुटांच्या रुळांवर धावणाऱ्या नॅरो गेजमुळे, लोकांच्या भाषेत ‘छोटी लाईन’मुळे, ते आले. 1908 साली कुही, उमरेड, भिवापूरवरून नागभीडचा मार्ग सुरू झाला. पुढील काही वर्षांत खापरखेडा, सावनेर, सौंसर ओलांडून छिंदवाड्याचा. एक वाट भिवापुरी मिरचीच्या मुलखात जाणारी, दुसरी संत्र्यांच्या बागांतून सातपुड्यात चढणारी. रुळांची रुंदी जिथे बदलते तिथे एका डब्यातला माल दुसऱ्या डब्यात हातांनी चढवावा लागतो, म्हणजे हमाली, विलंब आणि थोडी नासधूसही. व्यापाऱ्याच्या हिशेबात हा खर्च लहान नसे. तरीही ही लाईन शतकाहून अधिक काळ टिकली, कारण तिचे खरे उत्पन्न मालापेक्षा माणसांत होते. ज्या गावांना मोटाररस्ता उशिरा मिळाला, तेथला शेतकरी आणि किरकोळ दुकानदार याच गाडीने इतवारीत खरेदीस येई. घाई असणाऱ्याने छोट्या गाडीत बसू नये हेही खरे. छिंदवाड्याच्या सुमारे 150 किलोमीटरांत निम्मा दिवस जाई.

छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 च्या अखेरीस थांबली. नव्या रुंद मार्गावरून इतवारी ते छिंदवाडा अशी सलग प्रवासी गाडी धावली ती 2022 मध्ये. नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली आणि नागपुरातून सुटणारी छोटी गाडी कायमची गेली. तिची इंजिने-डबे पाहायचे असतील तर मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात जावे. मुलांना तेथे अवश्य न्यावे.

रुंदीकरणाला विरोध करण्याचे कारण नाही. वेग वाढतो, माल उलटसुलट करावा लागत नाही. पण जुनी गाडी बंद होण्यापासून नवी सुरू होईपर्यंतची वर्षे कोणाच्या खात्यात धरायची, हा प्रश्न उरतोच. मोठ्या पेढीने मालमोटार लावली. डोक्यावर गाठोडे घेऊन येणाऱ्याला तो पर्याय नव्हता. एकदा दुसऱ्या बाजाराची सवय लागलेले गिऱ्हाईक रूळ परत आले म्हणून परततेच असे नाही. म्हणून कुही-भिवापूरच्या माणसाला सकाळी येऊन संध्याकाळी घरी पोचता येईल अशी गाडी, आणि तिला लहान गावांचे थांबे, ही मागणी इतवारीच्या व्यापाऱ्यांनीच लावून धरायला हवी. त्यात त्यांचाही स्वार्थ आहे. नागभीड मार्गाबाबत आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. उमरेडच्या पुढे हा मार्ग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या परिसरातून जातो. छोटी गाडी सावकाश जाई. वेगवान गाडीसमोर वाघाला आणि हरणाला तेवढी सवड मिळत नाही. तेथे प्राण्यांसाठी भुयारी वा उंचावरील मार्ग ठेवण्याचा आग्रह अहिंसा मानणाऱ्या समाजाने धरला तर ते त्याला शोभेल.

समाजाच्या दृष्टीने या स्थानकाचा एक उपयोग बाजाराइतकाच जुना आहे, तो तीर्थयात्रेचा. कन्हानहून फुटणाऱ्या फाट्याने रामटेक गाठता येते. तेथे भगवान शांतिनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. मुख्य मार्गावर गोंदियाच्या पुढे डोंगरगड लागते. तेथील चंद्रगिरी क्षेत्रावर 18 फेब्रुवारी 2024 रोजी आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली, आणि या मार्गाने जाणाऱ्या श्रावकांना प्रवासाचे एक नवे कारण मिळाले.

प्रवाशांनी एक लक्षात ठेवावे. इतवारी स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. त्याच नावाचा दुसरा विभाग मध्य रेल्वेचा आहे. स्थानकाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे, त्यामुळे तिकिटावर ते वेगळे दिसते. छिंदवाडा, रामटेक, रीवा या बाजूंच्या काही गाड्या मुख्य स्थानकावरून न सुटता येथूनच सुटतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना तिकीट काढून देताना गाडी कोणत्या स्थानकाची, हे आधी पाहून सांगावे.