खानावळीला हॉटेल म्हणू नका!

आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) रस्त्याच्या कडेला चार पत्रे ठोकून शेगडी पेटवली, की वर पाटी चढते : ‘हॉटेल’! चहाचे तेही हॉटेल, मटण-भाकरीचे तेही हॉटेल, आणि पाठ टेकायला खोली मिळते तेही हॉटेलच. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटापाशी ही कटकट कशाला, असे वाचक म्हणतील. पण माझे भांडण भाषेच्या सोवळ्यासाठी नाही. ते पोटासाठी आहे.

फ्रेंचांकडे पाहा. रेस्टॉरंट हा शब्द मुळात अंगात बळ आणणाऱ्या सुपाचा. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये तो अशा खाद्यगृहांना चिकटला. ब्रासरी म्हणजे मूळची बिअरची भट्टी. तिथे अवेळी गेले तरी जेवण मिळावे. बिस्त्रो लहानसे, घरगुती. कॅफेत एका पेल्यावर तासभर बसावे. पाटीवरूनच गिऱ्हाइकाला अंदाज येतो.

आपल्याही शब्दांत असे करार होते. उपाहारगृहात मधल्या वेळचे खाणे. अमृततुल्यात चहा. इराण्याकडे चहा-मस्का आणि निवांत बैठक. पंजाबी वळणाचा धाबा ट्रकवाल्यांसाठी रात्री-बेरात्री जागा. शिर्डीच्या प्रसादालयाला तर कोणी हॉटेल म्हणत नाही. तिथे भुकेलाच मान आहे, हे शब्दच सांगतो.

आणि खानावळ! महिन्याचे पैसे ठरलेले, वेळ ठरलेली, गावी गेलात तर खाडा धरायचा. मालकीणबाईंना ठाऊक, कोणाला तिखट सोसत नाही, कोण दोन दिवस फिरकला नाही. मुंबईच्या गिरणगावात एकट्या कामगारांना अशाच बायकांनी घरच्या चुलीवर रांधून जगवले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांचेच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे दार दाखवले.

मी मास्तर आहे. पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू गावांतून आमची पोरे शिकायला नगरला येतात. त्यांना खानावळ हवी असते. समोर दिसते ‘फॅमिली रेस्टॉरंट’. घर सोडून आलेल्या एकट्या पोराने त्या पाटीखाली कोठे बसावे? तिथे प्रत्येक पोळीचा हिशेब वेगळा, आणि खाड्याचा तर प्रश्नच नाही.

मालक म्हणतील, जागेचे भाडे वाढले, गॅस महागला. खरे आहे, दर वाढवा, कोण नको म्हणतो? पण खानावळ चालवीत असाल तर पाटीवर ठळक अक्षरांत ‘खानावळ’ लिहा. त्यात कमीपणा कसला? आणि वाचकहो, आपणही ‘हॉटेलात जेवलो’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. शब्द गेला, की त्याने दिलेले वचन कोणाकडे मागायचे, हेच पोरांना उमगत नाही.