गाणं कुणाचं, मास्टर टेप कुणाची?

भीमगीतांची नवी ‘कव्हर’ आली की आपल्यातले काही कार्यकर्ते लगेच ‘चोरी’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्याचं गाणं गाणं म्हणजेच चोरी, हे आम्हाला पटत नाही. मित्रहो, जरा रे चार्ल्सकडे बघा.

१९६२. अमेरिकेच्या दक्षिणेतला हा काळा, अंध गायक. आदल्याच वर्षी त्याने जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारा कार्यक्रम नाकारला होता आणि त्यापायी करारभंगाचा दंड भरला. (सिनेमात दाखवलेली आजन्म बंदी खरी नाही, दंड खरा आहे.) अशा माणसाने ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ हा अल्बम काढला. बारा गाणी, सगळी दुसऱ्यांची. आणि ‘कंट्री’ म्हणजे तर गोऱ्यांचं संगीत समजलं जायचं! कंपनीलाच धास्ती होती. अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. लहानपणी रेडिओवर हेच संगीत ऐकत तो वाढला होता. मग ते फक्त गोऱ्यांचं कसं?

पण पॅट बून या गोऱ्या गायकानेही कव्हरच केलं होतं. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ १९५६ साली त्याने गुळगुळीत करून गायलं आणि पॉप यादीत मूळ गाण्याच्याही वर नेलं. दोघांनी केलं ते तंत्र म्हणून एकच. समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेलं इथे उपयोगी पडतं: कृती कोणती यापेक्षा कृती करणारा उतरंडीत कुठे उभा आहे ते बघा.

आणि पैसा बघा. १९०९च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे गाणं एकदा रेकॉर्ड झालं की कुणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शके. प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट गाण्याच्या हक्कदाराला. आधी गाणाऱ्या गळ्याला शून्य. याचा चटका रे चार्ल्सलाही बसणार होता. त्याच अल्बममधल्या ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ची हुबेहूब नक्कल टॅब हंटर या गोऱ्या नटाने बाजारात आणली, तेव्हा कंपनीने घाईघाईने मूळ गाण्याची सुटी रेकॉर्ड काढली. ती पहिल्या क्रमांकावर गेली. मुख्य म्हणजे, ही कंपनी धरतानाच त्याने मास्टर रेकॉर्डिंगची मालकी पुढे आपल्याकडे येईल असा करार करून घेतला होता. त्या काळात भल्याभल्या गोऱ्या गायकांनाही हे मिळत नव्हतं.

आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कव्हरसाठी पाच वर्षं थांबणं, हक्कदाराला आगाऊ रॉयल्टी देणं बंधनकारक केलं. पण रॉयल्टी मागायला आधी कवीचं नाव तरी कागदावर हवं. आपल्या शाहिरांनी गाणी चळवळीला दिली, हिशेब ठेवला नाही. तो मोठेपणा त्यांचा. त्याचा फायदा मात्र आज भलतेच घेतात, आणि त्यात आपलेही आहेत.

मागच्या जयंतीला मिरवणुकीत एक जुनं गाणं नव्या ठेक्यावर वाजत होतं. आम्ही डीजेवाल्या पोराला विचारलं, हे कुणी लिहिलंय रे? त्याने मोबाइल बघून एका यूट्यूब चॅनेलचं नाव सांगितलं.