सॉफ्टवेअर उघडण्याआधीचे संख्याशास्त्र

सॅन फ्रान्सिस्कोतील हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन एक किस्सा सांगत. दवाखान्यातल्या खुर्च्यांच्या गाद्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराच्या लक्षात आले की, खुर्च्या फक्त पुढच्या कडेला झिजल्या आहेत. रुग्ण जणू उठून पळण्याच्या तयारीतच बसत. सतत घाई, चुरस आणि चिडचिड असलेला हा 'टाइप ए' स्वभाव फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५९ मध्ये हृदयविकाराशी जोडला.

पण दोष नेमका कुणाचा? स्वभावाचा, सिगारेटचा, वयाचा की रक्तदाबाचा? ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि साध्या तक्त्यांनी ती सुटी होत नाहीत. दहा घटकांचे प्रत्येकी तीन गट पाडले तरी ५९,०४९ रकाने होतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदयविकार-अभ्यासात माणसे होती ५,२०९. म्हणून संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सारे घटक एकाच समीकरणात एकत्र तपासले. आरोग्य मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला बहुचल संख्याशास्त्र लागते ते यासाठी.

आपल्याकडे मात्र ते मेनूसारखे शिकवले जाते. इथे क्लिक करा, तिथला आकडा ०.०५ पेक्षा कमी आहे का पाहा, तक्ता प्रबंधात चिकटवा. अनेक पीएचडीचे विद्यार्थी तर विश्लेषण पैसे देऊन बाहेरूनच करून घेतात.

'टाइप ए'ची पुढची कहाणी त्यांना सांगायला हवी. कॅलिफोर्नियातील ३,१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षे नजर ठेवली, तेव्हा धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही टाइप ए पुरुषांना हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट दिसला. त्याच पुरुषांचा २२ वर्षांचा हिशेब १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूशी या स्वभावाचा संबंध आढळला नाही. आजार होणे आणि आजाराने मरण येणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. 'टाइप ए'वरील काही संशोधनाला तंबाखू उद्योगाचा पैसा मिळत होता, हेही ते सांगत नाही.

आणखी एक फसगत नेहमीची. ताणामुळे रक्तदाब वाढून हृदयाला इजा होत असेल, तर रक्तदाब हा मधला दुवा ठरतो. त्यालाच समीकरणात घालून 'नियंत्रित' केले की ताणाचा परिणाम कमी दिसतो किंवा नाहीसाच होतो. विद्यार्थी खुशाल लिहितो, ताणाने काही होत नाही.

तऱ्हेवाईक नोंदी पकडण्यासाठी हेच विद्यार्थी 'महालनोबीस अंतर' काढतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे ते सूत्र १९३६ चे. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे हाताळताना, कोणता समाज कोणाच्या किती जवळचा, हा प्रश्न त्यांना पडला होता. सूत्र त्यातून पुढे आले: आधी प्रश्न, मग सूत्र.

तेव्हा विद्यापीठांनी पहिले काही तास संगणक बंद ठेवून कागदावर बाण काढायला लावावेत: कशामुळे काय होते, मध्ये काय येते. आणि तोंडी परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा करावा: हा चल समीकरणात का घेतला, आणि तो काढला तर काय बदलले?