सही करण्यापूर्वी : अमेरिकन पायलटांच्या तीन करारांचा धडा

विमानाचा पायलट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा शर्ट, खांद्यावरचे सोनेरी पट्टे आणि लठ्ठ पगार येतो. आमच्या ड्रायव्हरलाही आता लोको पायलट म्हणतात, पण नाव बदलले म्हणून पगार काही तेवढा झाला नाही, हा विनोद रनिंग रूममध्ये नेहमी ऐकू येतो. मग त्या लोकांच्या दुखण्याशी आपल्याला काय करायचे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, करायचे आहे. मालक जेव्हा म्हणतो, "कंपनी बुडते आहे, थोडे तुम्हीही सोडा," तेव्हा पायलट असो, पॉइंट्समन असो की पोस्टमन असो, पुढे येणारा कागद एकाच नमुन्याचा असतो. कामगारांनी लढून मिळवलेले काही परत द्यायचे आणि त्या बदल्यात नोकरी टिकेल असे आश्वासन घ्यायचे, याला सवलतीचा करार म्हणतात. अशा करारावर सही करावी की नाही, हा वाद अमेरिकन एअरलाइन्स या मोठ्या कंपनीच्या पायलटांनी 1983, 2003 आणि 2012 असा तीनदा घातला. त्यातून आपण काय घ्यायचे, एवढ्यासाठी हा लेख.

आणखी एक नाते आहे. अमेरिकेत विमान कामगारांचे तंटे ज्या कायद्याखाली चालतात त्याचे नावच रेल्वे लेबर ॲक्ट आहे. तो 1926 साली रेल्वे कामगारांसाठी झाला आणि 1936 साली विमान कंपन्या त्याखाली आल्या. या कायद्यात कराराची तारीख उलटली तरी करार संपत नाही. नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. मध्यस्थीच्या सगळ्या पायऱ्या चढल्याशिवाय संपही करता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता पहिला प्रसंग. 1978 साली अमेरिकन सरकारने विमान वाहतुकीवरचे भाड्याचे व मार्गांचे नियंत्रण उठवले. स्वस्त तिकिटाच्या नव्या कंपन्या आल्या आणि जुन्या कंपन्यांनी खर्चाची ओरड सुरू केली. 1983 साली अमेरिकन एअरलाइन्सने युक्ती काढली. जुन्या लोकांच्या पगाराला हात लावायचा नाही, फक्त यापुढे भरती होणाऱ्यांना कमी वेतनश्रेणी द्यायची. पायलटांच्या संघटनेने, म्हणजे अलाइड पायलट्स असोसिएशनने, हे मान्य केले. मान्य करणे सोपेच होते. ज्यांचे नुकसान व्हायचे ते अजून भरतीच झाले नव्हते, त्यांना मत कुठले? पण कंपनी वाढली, भरती झाली आणि एकाच कॉकपिटमध्ये एकाच कामाचे दोन दर झाले. नव्यांना जुन्यांचा राग येऊ लागला. ही तफावत कमी करून घेण्यात संघटनेची पुढची कित्येक वर्षे खर्ची पडली.

दुसरा प्रसंग 2003 चा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात या कंपनीची दोन विमाने गेली. नंतर प्रवासी घटले आणि 2002 साली कंपनीला सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचा तोटा झाला. व्यवस्थापनाने सांगितले, वर्षाला 1.8 अब्ज डॉलर खर्च कमी झाला पाहिजे, नाहीतर दिवाळखोरीच्या कोर्टात जावे लागेल. त्यांपैकी 66 कोटी डॉलर एकट्या पायलटांनी द्यायचे होते, 62 कोटी मेकॅनिक व जमिनीवरच्या कामगारांनी आणि 34 कोटी केबिन कर्मचाऱ्यांनी.

सभासदांत दोन तट पडले. एक बाजू म्हणे, कोर्टात गेलो तर न्यायाधीश याहून जास्त कापील. युनायटेड एअरलाइन्स 2002 साली कोर्टात गेली, तिकडे पाहा. तेव्हा आपल्या हाताने थोडे सोडलेले बरे. दुसरी बाजू म्हणे, आज सोडलेले उद्या परत येईल याची हमी कोण देणार? आणि वरचे साहेब किती सोडताहेत? आम्ही म्हणतो, या वादात कोणीच फितूर नव्हते. घर चालवणारा माणूस दोन्ही बाजूंनी विचार करतो. शेवटी पायलटांनी करार मंजूर केला आणि 1 मे 2003 पासून त्यांचा पगार 23 टक्क्यांनी कमी झाला.

पण गंमत पुढेच आहे. तिन्ही संघटनांचे मतदान उरकत होते, नेमके त्याच सुमारास कंपनीचा वार्षिक अहवाल बाहेर आला. त्यातून कळले की, वरच्या मोजक्या अधिकाऱ्यांनी कंपनीत टिकून राहावे म्हणून त्यांना मूळ पगाराच्या दुप्पट बोनस कबूल केला आहे. शिवाय 45 अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी 4 कोटी 10 लाख डॉलर वेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवले आहेत, म्हणजे कंपनीचे दिवाळे निघाले तरी साहेबांची पेन्शन शाबूत. कामगारांकडे त्याग मागताना ही गोष्ट टेबलावर आलीच नव्हती. संतापाचा भडका उडाला. बोनस रद्द करावा लागला, प्रमुख डॉन कार्टी यांनी माफी मागितली आणि 24 एप्रिल 2003 रोजी राजीनामा दिला. कराराची मुदतही सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणण्यात आली. परंतु पगारकपात तशीच राहिली.

करार 2008 साली बदलण्याजोगा झाला. पण वर सांगितलेला कायदा आठवा. नवा करार होईपर्यंत जुन्या अटी चालू! वाटाघाटी रखडत राहिल्या आणि संकटकाळासाठी म्हणून दिलेली सवलत संकट ओसरल्यावरही चालूच राहिली. एरवी जो कायदा कामगाराच्या अटी राखतो, त्यानेच या वेळी मालकाची सवलत राखली. दरम्यान कंपनी 2006 साली नफ्यात आली, तेव्हा अधिकाऱ्यांना कोट्यवधी डॉलरचे शेअर मिळाले. पायलटांनी याविरुद्ध निदर्शने केली, त्यात नवल काय?

तिसरा प्रसंग. 29 नोव्हेंबर 2011 रोजी कंपनी अखेर दिवाळखोरीच्या कोर्टात गेलीच. त्या दिवशी तिच्या तिजोरीत सुमारे 4.1 अब्ज डॉलर रोख होते. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात, ठरावीक अटी पाळल्या तर, कामगार करार रद्द करण्याची परवानगी कोर्ट देऊ शकते. त्या तलवारीखाली पायलटांपुढे 'अखेरचा प्रस्ताव' आला. पुढाऱ्यांनी तो सभासदांपुढे ठेवला आणि ऑगस्ट 2012 मध्ये 61 टक्के मतांनी तो फेटाळला गेला. संघटनेच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. सप्टेंबरमध्ये कोर्टाने कंपनीला जुना करार मोडण्याची परवानगी दिली. घाबरवणारे म्हणाले, पाहा, आम्ही सांगत होतो!

पण पायलटांनी एक काम आधीच करून ठेवले होते. एप्रिल 2012 मध्ये त्यांच्यासह तिन्ही संघटनांनी यूएस एअरवेज या दुसऱ्या कंपनीशी बोलणी करून, दोन्ही कंपन्या एक झाल्या तर सेवाशर्ती काय असतील, हे ठरवून घेतले होते. म्हणजे 'नाही' म्हणताना हातात दुसरी वाट होती. कोर्टाच्या निकालानंतरही कंपनीला पुन्हा टेबलावर यावे लागले आणि डिसेंबर 2012 मध्ये नवा करार सुमारे 74 टक्के मतांनी मंजूर झाला. डिसेंबर 2013 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. हा विजय पुरा होता असे आम्ही म्हणणार नाही. जुनी पेन्शन योजना पुढील सेवेसाठी गोठवली गेली, ती गोठलीच. तरी युनायटेडच्या पायलटांपेक्षा हे बरे. त्यांनी इतरांबरोबर 1994 साली पगार कमी करून कंपनीचे शेअर घेतले होते. 2002 च्या दिवाळखोरीत ते शेअर मातीमोल झाले आणि 2005 साली पेन्शन योजनाही मोडीत निघाल्या.

आता आपल्या घरात पाहू. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद झाली. तेव्हा कित्येक जुने सभासद म्हणाले, "आपल्याला काय, आपली तर शाबूत आहे." 1983 च्या पायलटांपेक्षा हे वेगळे काय होते? आपण सही केली नव्हती हे खरे, पण पुरेसा आवाजही केला नव्हता. नंतर त्याच नव्या मुलांबरोबर आपण मोर्चे काढले. 2025 साली आलेली युनिफाइड पेन्शन योजना त्या दबावाचे फळ आहे, तरी ती जुनी पेन्शन नव्हे. कोरोनाच्या काळात, जानेवारी 2020 पासून 18 महिने, महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. जुलै 2021 पासून भत्ता 28 टक्क्यांवर आला, पण मधल्या 18 महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. ती सवलतच होती. फरक इतकाच की पायलटांना निदान मत होते.

आणि एक चूक आमचीही सांगतो. आमच्या एका डेपोत काही वर्षांपूर्वी प्रशासनाने रिक्त पदे सरेंडर करण्याचा प्रस्ताव आणला. बदल्यात क्वार्टर्सची दुरुस्ती आणि काही पदांची श्रेणीवाढ. आम्ही मान डोलावली. मिनिट्समध्ये पदे 'सरेंडर करण्यात येत आहेत' असे लिहिले गेले आणि दुरुस्तीपुढे 'विचार केला जाईल' असे. वाक्यांतला हा फरक आम्ही वाचला नाही. पदे महिन्यात गेली. क्वार्टर्स पुढची कित्येक वर्षे गळत राहिली आणि दोघांचे काम एकट्याने ओढणारी पोरे आम्हाला विचारीत, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही सही कशावर केली?" उत्तर नव्हते.

म्हणून आमचे मत असे आहे. सवलत कधीच देऊ नये, असा हट्ट आम्ही धरत नाही. कारखाना खरोखर बुडत असेल तर कामगारही हात लावतो. पण सही करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहिल्या पाहिजेत. एक, हिशेबाची वही आपल्या माणसाने वाचली आहे का? दोन, वरचे किती सोडतात आणि त्यांनी स्वतःसाठी काही वेगळे बांधून ठेवले आहे का? तीन, सवलत कोणत्या तारखेला संपेल आणि करार लांबला तरी ती संपेल, हे लिहून घेतले आहे का? चार, ज्याला मत नाही त्याच्या डोक्यावर तर आपण ओझे टाकत नाही ना? उद्या भरती होणारा ट्रॅकमन, आजचा ठेकेदाराचा सफाई कामगार, टपाल खात्यातला ग्रामीण डाक सेवक, हे सभेच्या खोलीत नसतात. त्यांची खुर्ची आपणच राखायची. पाच, पूर्ण कागद सभासदांच्या भाषेत त्यांच्या हाती पडून, वाचायला वेळ मिळून मतदान झाले आहे का?

आणि 'नाही' म्हणायचे असेल तर दुसरी वाट आधी शोधून ठेवावी. नुसत्या घोषणेने कोर्ट थांबत नाही, हे 2012 साली दिसले. तयारी असली तर कोर्टाच्या निकालानंतरही मालक टेबलावर येतो, हेही तेव्हाच दिसले.

शाखा सेक्रेटरींना आमची विनंती आहे की, येत्या सर्वसाधारण सभेत हे पाच प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत आणि गेल्या दहा वर्षांत आपल्या शाखेने कशाकशावर सही केली, त्याचा हिशेब सभासदांपुढे ठेवावा. आम्ही आमचा ठेवला आहे. शिव्या खाव्या लागल्या. पण त्या सभेला बऱ्याच वर्षांनी नवी पोरे शेवटपर्यंत बसून राहिली.